धोट्याचा मुका

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. आमच्या वडगावच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. गुलाबी, पिवळी, फिकट हिरवी, एकाच बाजूला छापलेली. आप्पा आयुष्यभर माग चालवत आले आणि सुटीच्या दिवशी विणकरांच्या सभा घेत आले. सभेतून उरलेली पत्रकं घरी यायची. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी शाळेची गणितं सोडवायचे आणि गणित अडलं की पान उलटून छापलेली बाजू वाचायचे. ‘विणकर बंधू-भगिनींनो, विचार करा’ अशी ज्याची सुरुवात आहे ते चुकीचं असू शकतं, हे मला पुष्कळ वर्षं माहीत नव्हतं.

आई मी चार वर्षांची असताना गेली. मला आक्काने वाढवलं. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. दहावीनंतर ती मागावर उभी राहिली म्हणून मी कॉलेजात गेले, यात काही गुपित नव्हतं. ती स्वतःच दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. ‘हिनं शिकायचं, मी विणायचं. घरात दोघीदोघी शहाण्या कशाला?’ तिचा आवाज मोठा होता. मागाच्या खडखडाटात बोलणाऱ्यांचा आवाज असाच होतो, आणि माग बंद झाला तरी खाली येत नाही. ती स्वयंपाकघरातून हाक मारायची ती गल्लीच्या टोकाला ऐकू जायची.

घराच्या मागच्या खोलीत चार यंत्रमाग. दोन आक्का बघायची, दोन मामा. मामा नात्याचे नव्हते. खानापूरकडच्या एका गावातून तरुणपणी आलेले, भातशेती भावाकडे सोडून. आप्पांबरोबर सभेत बसायचे, आमच्याकडे विणायचे, आणि दुपारी आमच्याच पंगतीत जेवायचे. खोलीला गल्लीच्या बाजूला एकच खिडकी. ती बंद असायची. वडगाव-शहापुरातल्या बहुतेक मागाच्या खोल्यांत ती बंदच असते. कोरडं वारं आत आलं की ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे, धागे तुटतात, आणि एक धागा सांधायला थांबलं की माग थांबतो. शिवाय धूळ बसते, फिकट रंगाची साडी डागाळते. म्हणून खिडकी बंद, फरशीवर पाणी शिंपडलेलं, आणि हवेत सुताचा बारीक कापूस. आम्हाला तो दिसायचासुद्धा नाही. दारातून उन्हाची तिरीप आली की मात्र कळायचं, आपण काय श्वासात घेतो ते.

आता धोट्याबद्दल सांगायला हवं. धोटा म्हणजे लाकडाचा, होडीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता. त्याच्या पोटात सुताची कांडी बसवतात आणि तो मागावर इकडून तिकडे धावत आडवा धागा टाकत जातो. कांडी संपली की नवी घालायची. नव्या कांडीच्या धाग्याचं टोक धोट्याच्या कडेच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं असतं. त्याची जुनी पद्धत अशी : भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. श्वासाबरोबर धागा तोंडात येतो. दिवसभरात हे किती वेळा होतं ते कोणी मोजत नाही. याला आमच्याकडे धोट्याचा मुका म्हणतात.

‘बायकोपेक्षा ह्याचेच मुके जास्त घेतलोय मी,’ मामा म्हणायचे. ‘म्हणून तर ती माहेराला गेली.’

‘मग धोटा बरा म्हणायचा,’ आक्का पलीकडच्या मागावरून ओरडायची. ‘अजून पळून गेला न्हाय.’

मामा खोकायला लागले ते हिवाळ्यात. विणकर खोकतोच, सुताने खोकतो, असं सगळ्यांचं मत. दोन महिने झाले तरी थांबेना, अंगावरचा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसायला लागला, तेव्हा वस्तीत फिरणाऱ्या नर्सबाई त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. बेडका तपासला. टीबी निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि कशावर तरी तुटून पडायला शोधत होते. रात्रीच्या रात्री फोनवर वाचत बसायचे. कुठेतरी वाचलं की परदेशातल्या गिरण्यांत तोंडाने ओढायचा धोटा फार पूर्वीच बंद केला गेला, कामगारांच्या तब्येतीसाठी. मला एवढं पुरेसं होतं. आमच्याच खोलीत, आमच्याच ओठांशी, मालकशाहीचा पुरावा सापडला होता. आक्का आणि मामा एकमेकांच्या मागावर हात द्यायचे, एकच धोटा दोघांच्या तोंडी लागायचा. मी आप्पांना म्हटलं, पत्रक काढूया.

आप्पांना अभिमान वाटला. त्यांनी मला पत्रकाचे नियम सांगितले, जे मी लहानपणापासून ऐकत आले होते. वाक्य लहान ठेव. शेवटची ओळ अशी लिही की माणूस चालता चालता पाठ म्हणेल. आणि सगळ्यांत मोठा नियम : एक पत्रक, एक मागणी. दोन मागण्या केल्या की माणूस सोपी तेवढी ऐकतो आणि दुसरी विसरतो. या वेळी मागची बाजू कोरी न ठेवता कन्नडमध्ये छापायची, हेही त्यांनीच सांगितलं. आमच्या गल्लीतली अर्धी घरं आत कन्नड बोलतात आणि बाहेर मराठी. ‘खोकला सगळ्यांचा एकच असतोय,’ आप्पा म्हणाले.

छापायला देण्याआधी मी हाताने लिहिलेला कागद नर्सबाईंना दाखवला. त्या आमच्या उंबऱ्यावर बसल्या, पिशवी मांडीवर ठेवली आणि कन्नडची बाजू आधी वाचली, मग मराठीची.

‘चांगलं लिवलंय,’ त्या म्हणाल्या. ‘पण किटकीचं कुठं हाय?’

‘कसली किटकी?’

‘खिडकी ओ. हा रोग गाळीतनं येतोय. वाऱ्यातनं. खोकला की हवेत ऱ्हातोय, बंद खोलीत तर लईच येळ. धोटा सोडा म्हणा, चांगलंच हाय, पण पयलं खिडकी उघडा म्हणायला पायजे. आणि मामांना थोडे आठवडे मागावर घेऊ नका, असं लिवा.’

मी त्यांना काय उत्तर दिलं ते मला शब्दाशब्दानिशी आठवतं, कारण ते देताना मी स्वतःवर खूश होते. मी म्हटलं, ‘बाई, खिडकी उघडा म्हणून कोण ऐकणार? धागा तुटतो. विणकराला धागा तुटू दे म्हणणं म्हणजे हात तोडून घे म्हणण्यासारखं आहे. धोट्यातून धागा ओढायला वायरचा आकडा वापरा, हे उद्यापासून करता येतं. पत्रकात एकच मागणी असते.’

नर्सबाईंनी कागद परत दिला. ‘तुमचं काम तुम्हाला ठाऊक,’ त्या म्हणाल्या आणि पुढच्या घरी गेल्या.

म्हणजे मला माहीत होतं. हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढे लोकांनी मला समजावताना पुष्कळदा म्हटलं, तुला काय माहीत होतं गं, पोर होतीस. मला सांगितलं गेलं होतं, माझ्या घरच्या उंबऱ्यावर, दोन भाषांत. पण मला हरणारी मागणी छापायची नव्हती.

पत्रकाचं नाव होतं ‘धोट्याला तोंड लावू नका’. गुलाबी कागद. शेवटची ओळ मी दोन दिवस घोटली : ‘जो धोट्याचा मुका घेत नाही, त्याला क्षयाची भीती नाही.’ आप्पांनी ती मोठ्याने वाचली आणि मान हलवली. इतकी चांगली ओळ मी त्यानंतर लिहिलेली नाही.

आणि ते पत्रक जिंकलं. आप्पांच्या आयुष्यभराच्या पत्रकांनी जे केलं नाही ते माझ्या पहिल्याच पत्रकाने केलं. वडगावात, शहापुरात, खोल्याखोल्यांतून लोकांनी आकडे केले. कुणी छत्रीची तार वाकवली, कुणी क्रोशाची सुई घेतली. आक्काने तर केसाच्या मोडक्या पिनेतून इतका सुबक आकडा केला की शेजारणी बघायला आल्या. मला वाटलं, बदल असाच होतो. छापायचं, वाटायचं, आणि जग एका बोटाने सरकतं.

हे असं का झालं, ते मला खूप उशिरा कळलं. लोकांनी माझं ऐकलं नव्हतं. त्यांना जे आधीपासून माहीत होतं तेच मी त्यांना सांगितलं होतं. आमच्याकडे टीबी झालेल्याचं ताट वेगळं करतात, पेला वेगळा करतात, त्याचं उष्टं कुणी खात नाही. त्याच्याच शेजारी, त्याच बंद खोलीत, झोपतात मात्र. रोग उष्ट्यातून येतो ही समजूत इतकी जुनी आहे की तिला पुरावा लागत नाही. आप्पांची निम्मी पत्रकं शिवाशिव आणि सोवळ्या-ओवळ्याविरुद्ध होती, ती वाचत मी मोठी झाले, आणि मी काय केलं? उष्ट्यालाच जंतूचे कपडे घातले आणि विज्ञान म्हणून वाटलं.

मामा गोळ्या घ्यायला लागल्यावर महिन्याभरात सुधारले. भूक लागली, खोकला गेला. दोन महिने झाले आणि ते म्हणाले, इचलकरंजीला एका ओळखीच्या मागावर माणूस हवाय, जाऊन येतो. आप्पांनी विचारलं, गोळ्यांचं काय? मामा म्हणाले, तिकडं बी सरकारी दवाखाना हाय की. कोगनोळीचा नाका ओलांडला की राज्य बदलतं, कार्ड बदलतं, गोळी देणारी बाई बदलते. हे सगळं जुळवता येतं, नर्सबाई कागद करून द्यायला तयार होत्या. पण बरं वाटत असलेला माणूस कागद मागायला जात नाही. मामा एसटीत बसले आणि गेले.

ते परत आले पावसाळा संपताना. खोकत आले.

मी दारात होते. आप्पा मागच्या खोलीत कांड्या भरत होते. मामांनी पिशवी ठेवली आणि भिंतीला हात टेकून उभे राहिले.

‘कवा आलतासा?’ आप्पांनी विचारलं.

‘आत्ताच. तिकडचं पाणी सोसलं न्हाय.’

‘गोळ्या संपल्या?’

‘संपल्या की.’

संपवल्या की नुसत्या संपल्या, हे आप्पांनी विचारलं नाही. मामांनी खिशातून एक तार काढून दाखवली, छान वाकवलेली. ‘हे बघा. तिकडं बी ह्येच वापरलो. पोरीचा सबूद मोडलो न्हाय.’

आप्पा हसले. मीही हसले. मामा खोकत होते आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हते, हाताकडे बघत होते. हातात आकडा होता. आक्काने त्यांच्यासाठी एक धोटा वेगळा काढून त्याला तांबड्या सुताची गाठ बांधली, जसं घरात पेला वेगळा करतात तसं. खिडकी बंद होती. दुसऱ्या दिवसापासून ते दोघं त्या खोलीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेजारी शेजारी उभे राहिले. थंडी पडेपर्यंत. मग मामांना उभं राहवेना, आणि निपाणीला असलेल्या त्यांच्या बहिणीने येऊन त्यांना नेलं.

तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मी नंतर वाचलं, या वेळी नीट वाचलं. खोकल्याबरोबर जे बारीक थेंब उडतात ते जमिनीवर पडत नाहीत. वाळून आणखी हलके होतात आणि हवेत तरंगत राहतात. आमच्या खोलीतल्या कापसासारखे, पण उन्हाच्या तिरिपीतही न दिसणारे. वारा असेल तर विरून जातात. आमच्याकडे वारा नव्हता. श्वासाबरोबर ते फुफ्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत जातात, जिथे हवेचे इवले फुगे असतात. तिथे शरीराचे पहारेकरी असतात, आत आलेल्या कशालाही गिळून पचवणारे. ते या जंतूलाही गिळतात. पण याच्या अंगावर मेणासारखं जाड कवच असतं, तो पचत नाही. पहारेकऱ्याच्या पोटातच राहतो, सावकाश. बाकीचे जंतू तासाभरात दुप्पट-तिप्पट होतात. याला एकाचे दोन व्हायला जवळजवळ दिवस लागतो. त्याला घाई नाही. मग शरीर आणखी पहारेकरी पाठवतं, ते त्याच्याभोवती गाठ करून भिंत बांधतात. बहुतेक माणसांत ही भिंत जन्मभर टिकते, त्यांना कळतही नाही. पण माणूस थकलेला असेल, अर्धपोटी असेल, दिवसचे दिवस उभा असेल, तर भिंत आतून कुजते. गाठ फुटते, तिथे पोकळी होते, आणि त्या पोकळीत हवा असते, आणि हवेत हा जंतू माजतो.

मला यात सर्वांत असह्य वाटलं ते हे की जंतू स्वतः फारसं काही करत नाही. विष ओकत नाही. फुफ्फुस पोखरतं ते आपलंच शरीर, त्याला हाकलण्याच्या नादात. चुकीच्या शत्रूवर तुटून पडणं मला समजतं. पण इथे शत्रू बरोबर होता आणि तरीही घर जळलं.

आणि मामांचा जंतू साधा राहिला नव्हता. दोन महिन्यांच्या गोळ्यांनी दुबळे जंतू मेले, मामांना बरं वाटलं. जे थोडे चिवट होते ते उरले आणि गोळ्या थांबल्यावर तेच वाढले. आक्काला मिळाले ते हे उरलेले.

तिचा खोकला सुरू झाला तेव्हा मी एका शाळेत शिकवायला लागले होते. संध्याकाळी घरी आले की ती चूल सोडून पायरीवर बसलेली दिसायची. अंगात कसकस. म्हणायची, ‘ऊन लई हाय गं औंदा.’ तिच्या चोळीच्या बाह्या सैल झाल्या, ती त्या आत दुमडून शिवायची. एकदा शेजारीण म्हणाली, अगं तपासून घे, मामांचं तुला तर नाही ना लागलं. आक्का हसली.

‘मला कसला लागतोय? त्येंचा धोटा बी शिवलो न्हाय मी. घरात पत्रक काढणारी हाय, तिला इचार.’

शेजारणीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘नाही हो, सुताचा खोकला आहे.’

चार महिने. नर्सबाईंची दुसऱ्या वस्तीत बदली झाली होती. नव्या बाई महिन्यातून एकदा यायच्या, दारातून विचारायच्या, कुणाला खोकला? आक्का आतून मोठ्याने ओरडायची, न्हाय. तिचा आवाज अजून होता तेव्हा.

मग एका दुपारी ती मागावर असताना खोकली आणि समोरच्या कापडावर तांबडा ठिपका पडला. फिकट पिवळी साडी होती. मी तेव्हा खोलीत होते. तिने तोंड पुसलं नाही. आधी पदराला पाणी लावून साडी पुसली, डाग पसरू नये म्हणून आतून बाहेर नव्हे, बाहेरून आत, जसं नेहमी पुसायची. डाग गेल्यावर ती म्हणाली, ‘माग बंद कर.’

तपासणीत ते निघालंच, आणि नेहमीची मुख्य गोळी त्यावर चालत नाही हेही निघालं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरला. डावीकडे वर एक काळी पोकळी, तिच्याभोवती पांढरं धुकं. त्यांनी विचारलं, ‘किती दिवस खोकला?’ आक्का माझ्याकडे बघायला लागली. मी खरं उत्तर दिलं. ते म्हणाले, ‘इतके दिवस का थांबलात?’ याचं उत्तर माझ्याकडे छापील होतं, गुलाबी कागदावर. मी ते दिलं नाही.

नंतर मी एकटी परत आत गेले आणि त्यांना विचारलं, तिला हे नेमकं कधी लागलं असेल. मामा पहिल्यांदा खोकत होते तेव्हा, की परत आल्यावर. त्यांनी सांगितलं, गोळीला न दबणारा जंतू म्हणजे बहुधा परत आल्यावर. नक्की कोण सांगणार. त्यांना वाटलं असेल मी हिशोब मागतेय. मला फक्त एवढं ऐकायचं होतं की माझ्या पत्रकाच्या आधी लागलं असेल. त्यांनी तेवढं म्हटलं नाही.

पुढचं वर्ष-दीड वर्ष गोळ्यांचं. त्यातल्या एका गोळीने तिची कातडी काळवंडली. एकीने पायांना मुंग्या आल्या, मग पाय असून नसल्यासारखे झाले. सकाळी गोळ्या घेतल्या की ती ओकायची, मग त्या ओकारीत गोळी पडली का ते आप्पा काडीने बघायचे. सभांतून मुठी उगारलेला माणूस. एकही दिवस त्यांनी चुकवू दिला नाही. आप्पा माझ्यावर एकदाही रागावले नाहीत. रागावले असते तर मी भांडले असते. भांडण मला येतं. घरातली सगळी पत्रकं मात्र त्यांनी बांधून माळ्यावर टाकली. कारण विचारायची माझी छाती झाली नाही.

मधे निपाणीहून निरोप आला की मामा गेले. आम्ही आक्काला दोन दिवस सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, ‘मामा गेले न्हवं?’ मग म्हणाली, ‘बिचारे. आकडा जपून ठिवलेले.’

तेव्हा मी तिला सांगून टाकलं. नर्सबाई उंबऱ्यावर काय म्हणाल्या होत्या, मी काय उत्तर दिलं होतं, सगळं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

‘खिडकी उघडा म्हणून लिवली असतीस,’ ती म्हणाली, ‘तर मी तरी उघडली असती काय गं? धागा तुटतोय.’

तिने हे मला सोडवण्यासाठी म्हटलं की खरंच तसं होतं म्हणून, मला कळलं नाही. दोन्ही शक्यतांत माझी सुटका नाही. तिने खिडकी उघडली नसती. पण खोकला आल्यावर ती चार महिने हसली नसती.

मी नवं पत्रक काढलं. या वेळी खिडकी, या वेळी मास्क, या वेळी दोन आठवडे खोकला म्हणजे तपासणी. तीन मागण्या. आप्पांनी ते वाचलं आणि काही सुचवलं नाही. मी ते घेऊन त्याच खोल्यांतून फिरले जिथे माझं पहिलं पत्रक जिंकलं होतं. शहापुरातल्या एका खोलीत एका म्हाताऱ्या विणकराने माग थांबवून माझं सगळं ऐकून घेतलं. त्याने आकड्याकडे बोट दाखवलं.

‘आमी तुझं ऐकलंय की गं बाय. तवापासून तोंड लावलो न्हाय.’

‘ते अर्धं होतं, आजोबा. खिडकी उघडायला हवी.’

‘आणि धागा तुटला की तू येणार काय सांधायला?’ खोलीतले सगळे हसले. वाईट हसले नाहीत. त्याने माझ्या हातातले चार कागद घेतले आणि वाटून टाकतो म्हणाला, म्हणजे मला बरं वाटावं. ‘तुझी ती ओळ मात्र लई झ्याक होती,’ तो म्हणाला आणि त्याने ती म्हणून दाखवली, पूर्ण, न अडखळता. कोपऱ्यात कुणीतरी खोकत होतं. माग परत सुरू झाला.

मी चिडून लिहावं अशी माणसं कमी नाहीत. ज्या सूत-साडीच्या व्यापाऱ्यांनी मागाच्या खोलीत हवा ओलसर ठेवणारं यंत्र कधी आणू दिलं नाही, ज्यांना साडीवर डाग चालत नाही आणि विणणाऱ्याच्या फुफ्फुसावर चालतो, त्यांच्यावर मी लिहू शकते, लिहिते, लिहीन. ते सगळं खरं आहे. पण रोज सकाळी मला जो माणूस आठवतो तो त्यांच्यातला नाही. तो उंबऱ्यावर उभा आहे आणि नर्सबाईंना पत्रकाचा नियम शिकवतो आहे.

गेल्या मार्चमध्ये आक्काचा कोर्स पूर्ण झाला. बेडक्यात जंतू नाही, सलग कित्येक तपासण्यांत नाही. दवाखान्यात तिच्या कार्डावर शिक्का मारला, बरी झाली म्हणून. डॉक्टरांनी तिचं अभिनंदन केलं. तिने विचारलं, ‘मग दम का लागतोय?’

डॉक्टरांनी नवा एक्स-रे लावला. पोकळी आता नव्हती. डावं फुफ्फुस चिपाडासारखं आकसून वर ओढलं गेलं होतं, आणि त्याच्याबरोबर श्वासनळीसुद्धा वाकडी झाली होती. ‘जंतू गेलेत,’ ते म्हणाले. ‘जे फुफ्फुस गेलं ते परत येत नाही.’ मग मला बाजूला घेऊन सांगितलं की साध्या सर्दीलाही जपा, पुढचा मोठा ताप तिला झेपणार नाही. सांगताना ते घड्याळाकडे बघत नव्हते, एवढं मी त्यांच्या बाजूने म्हणेन.

शिक्का मारल्यावर ती कुठल्याच यादीत राहिली नाही. गोळ्या देणारं कुणी येत नाही, विचारणारं कुणी येत नाही, कारण तिला रोग नाही. मागच्या खोलीत आता भाड्याने दुसरे दोघे विणकर उभे असतात. आम्हाला जगायला तेच आहे. मी खिडकी उघडते. अर्ध्या तासाने जाऊन बघते तर बंद असते. एकदा ती बंद करताना मी आप्पांनाच पाहिलं.

आक्का पुढच्या खोलीत असते. ती आता हाक मारत नाही. काही हवं असलं तर पेला फरशीवर टेकवते. वाक्यं बोलते ती तीन शब्दांची, मधे थांबून. ‘पाणी. गरम कर. जरा.’ गल्लीच्या टोकाला पोचणारा आवाज कुठून यायचा हे आठवायचं म्हटलं तर आता मला कष्ट पडतात.

काल रविवार होता. तिला न्हायचं होतं. न्हाऊन झाल्यावर तिने फणी घेतली, हात डोक्यापर्यंत नेला आणि खाली आणला. परत नेला. हात वर धरला की तिला श्वास पुरत नाही. मी बघत होते, मदतीला गेले नाही, ती चिडते. तिसऱ्यांदा तिने फणी माझ्याकडे धरली.

मी मागे बसले. केस विरळ झालेत, पण लांब आहेत अजून. लहानपणी ती माझी वेणी घालायची तेव्हा गुडघ्यांत माझं डोकं घट्ट धरायची, मी हलू नये म्हणून. तिला धरावं लागत नाही. ती हलत नाही. चोळीच्या वर तिची पाठ उघडी होती. मी विंचरताना बघत राहिले. उजवी बाजू वर व्हायची, खाली जायची, भराभर. डावी जागच्या जागी होती.

‘काय बघतीस?’ ती म्हणाली.

‘गुंता आहे,’ मी म्हटलं.

तिने दोन श्वास घेतले. ‘सावकाश काढ,’ म्हणाली.